अर्ज, मायना आणि आनंदीबाईंचे पत्र

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘मुलांच्या शिक्षणाविषयी काही इतिहासपर लिहा’ अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मी नाही म्हणालो. इतिहास हा माझा अभ्यासाचा विषय नव्हे. हयात यंत्रांच्या सहवासात गेली. परंतु गेली काही वर्षे आपल्या मंडळींची मुले-मुली एक विशेष प्रकारचा कागद घेऊन माझ्याकडे येत आली आहेत, आणि त्या कागदाने मला अनेक जुनी पुस्तके पुन्हा उघडावयास लावली. तो कागद म्हणजे परदेशातील महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जाबरोबर जोडावयाचा निबंध. मार्क, रँक, प्रमाणपत्रे हे सारे झाल्यावर तेथील महाविद्यालय विद्यार्थ्याला विचारते, ‘बाबा रे, तू कोण?’ आणि या प्रश्नापाशी आपली हुशार मुले अडखळतात. ती का अडखळतात, आणि ज्यांनी हा प्रश्न पूर्वी सोडविला त्यांनी तो कसा सोडविला, एवढाच या लेखाचा विषय आहे.

हूटगळ्ळी हे काही विद्येचे माहेरघर नव्हे. म्हैसूरच्या वायव्येस, हुणसूर रस्त्याला लागून असलेली ही औद्योगिक वसाहत. येथे कोण का आला हे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एका ओळीत संपते: नोकरीसाठी. पुण्याच्या कल्याणी समूहाने अमेरिकन कंपनीच्या भागीदारीत १९८१ साली स्थापन केलेला अवजड वाहनांच्या आसांचा कारखाना येथेच आहे. त्याच्या आगेमागे आणखी कारखाने उभे राहिले, आणि कोल्हापूर, सांगली, पुणे, बेळगाव अशा ठिकाणांहून माणसे आली. पाळीच्या वेळा सांभाळून ज्यांनी गणपती बसविले, त्यांची मुले घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलत वाढली. यांपैकी इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलांना कोणी ‘तू कोण’ असे विचारीत नाही. तेथे प्रवेश-परीक्षेचा क्रमांक बोलतो. यात एक मोठा न्याय आहे, हे मी प्रथमच सांगून ठेवतो. वशिल्याच्या देशात क्रमांकासारखा निःपक्षपाती पंच दुसरा नाही. परंतु त्यामुळे बारा-पंधरा वर्षांच्या शालेय जीवनात मुलाला स्वतःविषयी चार सरळ वाक्ये लिहिण्याचा प्रसंगच येत नाही.

यावर कोणी म्हणेल, निबंध तर आपण पहिल्यापासून लिहितो. लिहितो खरे. ‘माझी आई’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘मी फुलपाखरू झालो तर’. पण ते लिहितो की उतरवितो? माझ्या शाळेत चाळीस मुलांच्या चाळीस आया एकाच वेळी पहाटे उठत, एकाच वेळी देवापुढे दिवा लावीत आणि एकाच संस्कृत सुभाषिताने संपत. माझी स्वतःची आई पहाटे उठत नसे. तिला दम्याचा विकार होता, आणि पहाटे चुलीपाशी वडील बसत. ते मी लिहिले नाही, कारण तसे लिहिल्यास गुण जातील हे मला नवव्या वर्षी ठाऊक होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा निबंध म्हणजे एका माणसाने आपल्या हिंमतीवर, आपल्या आवाजात केलेला युक्तिवाद होता. सात वर्षांत त्याचे चौऱ्याऐंशी अंक निघाले, आणि त्यांतला प्रत्येक परिच्छेद कोणी लिहिला हे नाव झाकूनही ओळखू यावे. त्याच शब्दाचे पुढे शाळेत काय झाले ते आपण पाहतोच.

वास्तविक हा रोग शाळेपेक्षा जुना आहे. ‘अर्ज’ हा शब्द अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि कन्नडमध्येही ‘अर्जी’ म्हणून नांदत आहे. ‘मायना’ हाही त्याच घराण्यातला. पत्राचा मजकूर काहीही असो, आरंभी कोणाला किती ‘श्रीमंत’, किती ‘राजमान्य राजश्री’, किती नमस्कार, सेवक कोण आणि स्वामी कोण हे ठरलेले असे. यादवांच्या दरबारातील हेमाद्रीच्या नावावर जे ‘मेस्तक’ चालते, त्यात दफ्तराचे व लेखनाचे नियमच सांगितले आहेत. पेशवाईतील कारकून हा या विद्येतला पंडित. त्याच्या मोडीतील ओळ अखंड चाले, आणि लिहिणाऱ्याच्या मनात राग असो की भीती, कागदावर फक्त मर्यादा दिसे. आपणां म्हैसूरकर मराठी मंडळींना तर या विद्येचा थोडा अभिमानच वाटावा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात म्हैसूर संस्थानाच्या दफ्तरात कन्नडबरोबर मराठीही चालत असे, आणि पुढे व्ही. पी. माधवराव (१९०६ ते १९०९) व टी. आनंदराव (१९०९ ते १९१२) हे तंजावरी मराठी घराण्यांतील दोन दिवाण लागोपाठ या संस्थानास लाभले. लेखणीवर पोट भरणारी माणसे आपल्यात फार. परंतु लेखणी दुसऱ्याची असे. स्वामींच्या वतीने लिहावयाचे, स्वामींना लिहावयाचे. ‘मी’ म्हणून लिहावयाचे नाही. आजही कचेरीसमोर टेबल मांडून बसलेला अर्जनवीस आपले नाव-गाव विचारतो आणि उरलेले सारे स्वतः लिहितो. त्याचा मजकूर तयारच असतो.

या पार्श्वभूमीवर १८८३ सालचे एक पत्र पाहिले म्हणजे मन थक्क होते.

आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्या घरांत सर्वांस माहीत आहे. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली निघाल्यापासून, आणि अलीकडे २०१९ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाल्यापासून, पहिली मराठी स्त्री डॉक्टर म्हणून त्यांची कथा लहान मुलेही सांगतात. परंतु ही कथा एका दृष्टीने अर्जांची कथा आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. त्यांच्या आयुष्यात दोन अर्ज झाले. पहिला त्यांच्यासाठी दुसऱ्याने केला. दुसरा त्यांनी स्वतः केला.

पहिला अर्ज गोपाळरावांचा. पोस्ट खात्यातील हा विलक्षण गृहस्थ कोल्हापुरास असताना, १८७८ साली, त्याने रेव्हरंड रॉयल वाइल्डर यांस पत्र लिहिले. वाइल्डर हे कोल्हापुरात मिशनरी म्हणून दीर्घकाळ राहिलेले. तेव्हा ते अमेरिकेस परतून ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचे मासिक चालवीत होते. पत्नीला अमेरिकेत शिक्षण मिळावे आणि आपल्यालाही तेथे काही काम मिळावे, अशी गोपाळरावांची मागणी होती. वाइल्डर यांनी ख्रिस्ती धर्माच्या स्वीकाराकडे बोट दाखवून ती टाळली, आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. येथपर्यंत हा अर्ज फसलेलाच म्हणावयाचा. ज्या मुलीसाठी तो होता ती तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, आणि तिचा स्वतःचा एक शब्दही त्यात नव्हता. परंतु फसलेले कागदही कधी कधी वाट काढतात. न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई १८८० साली दंतवैद्याकडे बसल्या असता तो जुना अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी वाचले, आणि पत्र पाठविले.

यानंतर आनंदीबाई स्वतः लिहू लागल्या. इंग्रजी शिकून थोडी वर्षे झालेली. शिकविणारा नवराच, आणि तो शिक्षक म्हणून किती कठोर होता हे पुढे त्यांनीच अमेरिकेतून त्याला लिहिलेल्या पत्रात, लहानपणीच्या मारहाणीचा सरळ उल्लेख करून, सांगितले आहे. या पत्रांत कार्पेंटरबाईंना त्या ‘मावशी’ म्हणू लागल्या. सणवार, जातीचे नियम, बायकांचे आजार, स्वतःचे प्रकृतीचे त्रास, असे सारे त्या लिहीत गेल्या. माझ्या मते त्यांचा खरा शाळामास्तर हा पत्रव्यवहार होय. समोर एक अनोळखी, पण ऐकावयास उत्सुक असलेली व्यक्ती आहे. तिला आपले घर ठाऊक नाही. म्हणून प्रत्येक गोष्ट मुळापासून आणि खरी सांगितली पाहिजे. तीन वर्षे हा अभ्यास झाला.

पुढचा टप्पा श्रीरामपूरचा. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथील कॉलेजच्या सभागृहात या अठरा वर्षांच्याही न झालेल्या मुलीने इंग्रजीत भाषण केले. लोक जे प्रश्न रस्त्यात अडवून विचारीत, टोमणे मारून विचारीत, तेच तिने स्वतःपुढे घेतले: अमेरिकेस का जातेस? हिंदुस्थानात शिकता येत नाही काय? एकटी का जातेस? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय? संकट आले तर काय करशील? आजवर कोणत्याही बाईने केले नाही ते तूच का करावेस? एकेक प्रश्न घेऊन तिने उत्तर दिले, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन असे सांगितले. त्या सभेत मला जे विशेष वाटते ते हे, की तिने आपले विषय कोठूनही आणले नाहीत. जे प्रश्न तिच्या अंगावर येत होते तेच तिचे विषय झाले.

एप्रिलमध्ये कलकत्त्याहून जहाज निघाले आणि ४ जून १८८३ रोजी ती न्यूयॉर्कला उतरली. त्याच महिन्याच्या २८ तारखेस, रोझेलहून, तिने फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया महिला वैद्यकीय महाविद्यालयाचे चिटणीस आल्फ्रेड जोन्स यांस प्रवेशासाठी पत्र लिहिले. हाच तो दुसरा अर्ज.

या पत्राची भाषा येथे उतरवून देण्याचा मोह मी आवरतो; त्याचा आशय मात्र सांगतो. नेमस्त विनवणीने ते सुरू होत नाही. आप्तांचा आणि जातीचा एकत्रित विरोध असता ज्या निश्चयाने आपण या देशापर्यंत आलो, तोच निश्चय पुढचे काम पार पाडण्यास मोठा आधार होईल, असे ती प्रथम सांगते. मग ते काम कोणते हे सांगते: आपल्या देशातील ज्या स्त्रिया पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतील, त्यांना खरी वैद्यकीय मदत देणे. आणि मग, माणुसकीचा आवाज माझ्या बाजूस आहे, मला अपयश येऊन चालणार नाही, असे म्हणते. मेस्तकाच्या परंपरेतला कोणताही कारकून हे वाचून घाबरला असता. अर्ज करणाराने उलट निश्चय हेच आपले प्रमाणपत्र म्हणून पुढे केलेले! तिच्यापाशी शाळेची मोठी प्रमाणपत्रे नव्हतीच. जे होते ते तिने दाखविले.

आणखी एक गोष्ट. आनंदीबाईंचे मूल जन्मून दहा दिवसांत गेले, तेव्हा त्यांचे वय चौदा होते; त्या दुःखातून वैद्यकाची ओढ लागली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या अर्जातील ज्या ओळी आज सर्वत्र उद्धृत होतात, त्यांत त्या बाळाचा उल्लेख नाही. तेथे आहेत त्या इतर बायका. आजच्या काळात, जेथे मुलांना आपले सर्वांत मोठे दुःख शोधून मांडा असे सल्लागार शिकवितात, तेथे हा संयम मला फार मोलाचा वाटतो. आपला आवाज असणे निराळे आणि आपली जखम प्रदर्शनात मांडणे निराळे.

महाविद्यालयाने त्यांस प्रवेश दिला. डीन रेचेल बॉडली यांनी त्यांची पाठराखण केली. ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा त्यांचा प्रबंधाचा विषय होता. म्हणजे तेथेही त्या आपल्या घरचे घेऊनच उभ्या राहिल्या. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, आणि त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. या रमाबाई आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या, आणि आपल्याच प्रांताच्या, आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या रानात जन्मलेल्या. १८८२ साली पुण्यास हंटर कमिशनपुढे, आपल्या देशातील स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हवेत, असे सांगणाऱ्या त्याच. त्यांनी ती साक्ष मराठीत दिली होती. इंग्रजी भाषांतर नंतर झाले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर आनंदीबाईंची नेमणूक झाली होती, पण क्षयाने गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी. कार्पेंटरबाईंनी त्यांच्या अस्थी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे ठेविल्या.

गोपाळरावांविषयी मात्र मन सारखे दोलायमान होते. त्यांचा अर्ज गेला नसता तर कार्पेंटरबाईंच्या हाती काही पडले नसते, हे खरे. त्यांनी इंग्रजी शिकविले नसते तर दुसरा अर्जही लिहिला गेला नसता. आणि तरीही, काम झाले ते त्यांनी लेखणी बायकोच्या हाती सोडल्यावर. मदत करणाराने किती करावे आणि कोठे थांबावे, या प्रश्नाचे याहून स्पष्ट उदाहरण मला सापडलेले नाही.

दुसरे उदाहरण थोडक्यात सांगतो. मुंबईचे कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक व ग्रंथकार. भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले, आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्यांना नेले. महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची मदत सुरू केली, बी. ए. झाल्यावर अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, आणि ४ जून १९१३ रोजी तसा करार झाला. त्याच वर्षी आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. केळुसकरांनी पुस्तक दिले, दार दाखविले, मधे उभे राहिले. परंतु आत जाऊन बोलावयाचे ते त्या तरुणानेच. पुढच्या चाळीस वर्षांत तो काय बोलला हे सांगण्याची गरज नाही.

आता ज्या निबंधासाठी आपली मुले धडपडतात त्याच्या उगमाविषयी. अमेरिकन महाविद्यालयांना विद्यार्थ्याच्या व्यक्तिमत्त्वात रस आहे हे ऐकून आपण भारावून जातो. हा रस मुळात फारसा पवित्र नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर तेथील थोर विद्यापीठांना प्रवेश-परीक्षेत ज्यू मुले फार पुढे येत असल्याची चिंता वाटू लागली. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी १९२२ साली त्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. तो उघडपणे मान्य झाला नाही, पण काही वर्षांतच ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांना प्रवेशात महत्त्व देऊन तेच साधण्यात आले. छायाचित्रे, मुलाखती, वडिलांच्या जन्मस्थानाची चौकशी, हे सारे त्याच काळातले. जेरोम कॅराबेल यांनी २००५ सालच्या आपल्या ग्रंथात हा इतिहास विस्ताराने दिला आहे. पुढे काळ पालटला, आणि ज्या फटीतून माणसे बाहेर ढकलली गेली त्याच फटीतून काही आत येऊ लागली. १९७५ साली पंधरा महाविद्यालयांनी मिळून एकच सामाईक अर्ज काढला; त्यातील निबंधास आज साडेसहाशे शब्दांची मर्यादा आहे. जून २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने वंशाच्या आधारे प्रवेश देण्यास मनाई केली. मात्र वंशाचा आपल्या आयुष्यावर कसा परिणाम झाला हे अर्जदाराने स्वतः लिहिले तर महाविद्यालयाने ते विचारात घेण्यास हरकत नाही, असेही म्हटले. त्यामुळे निबंधाचे वजन वाढलेच. इंग्लंडमध्ये मात्र चार हजार अक्षरांचे सलग निवेदन काढून २०२६ च्या प्रवेशापासून तीन ठराविक प्रश्न आले आहेत. सलग निवेदनात घरी मदत करणारे असणाऱ्यांचा फायदा होतो, ही त्यामागची एक तक्रार होती, आणि ती मला पटते.

घरी मदत करणारे, म्हणजे आपण. येथे मला माझा अपराध सांगितला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच वसाहतीतील एक मुलगी मजकडे आली. वडील कारखान्यात, आई शिवणकाम करी. आजी गावाहून येऊन राहिलेली. मुलगी बुद्धिमान, आणि एका परदेशी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीवर तिची सारी भिस्त. तिने दीड पान लिहून आणले होते. त्यात होते ते असे: आजीला कन्नड येत नाही, दवाखान्यात डॉक्टरांना मराठी येत नाही, दोघांच्या मध्ये ही दहा वर्षांची असल्यापासून उभी राहते. आजी म्हणते ‘पोटात कालवतंय’, आणि कालवणे या शब्दाला कन्नड काय हे तिला सुचत नाही, म्हणून ती डॉक्टरांपुढे हातानेच भात कालवून दाखविते. वाक्ये आखूड होती. इंग्रजी चुकीचे नव्हते, पण साधे होते.

मी ते ‘सुधारले’. दोन रात्री बसलो. आरंभी एका थोर पुरुषाचे वचन घातले. भात कालविण्याचा प्रसंग मला पोरकट वाटला; तो काढून त्याच्या जागी बहुभाषिक भारताच्या सांस्कृतिक ऐक्यावर एक परिच्छेद लिहिला. शेवटी मानवतेची सेवा आली. मला तो निबंध फार आवडला. मुलीने शांतपणे वाचला आणि म्हणाली, “काका, छान आहे. पण हे वाचून मी कोण ते मलाच कळत नाही.” मी हसलो, आणि मोठ्या माणसांना कळते असे काहीतरी बोललो. तिने माझा मान राखून तोच पाठविला. शिष्यवृत्ती मिळाली नाही. निबंधामुळेच मिळाली नाही असे मी म्हणत नाही. त्या निर्णयाची कारणे कोणी कळवीत नाही. परंतु माझ्या मनात तो हिशेब अजून बंद झालेला नाही. पेशवाईतल्या कारकुनाला मी नावे ठेवतो खरा. त्या दोन रात्री माझ्या टेबलापाशी तोच बसला होता.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला, आणि या वेळी मजकडे आली ती एका अटीवर. “काका, तुम्ही लिहायचं नाही. फक्त विचारायचं.” ती अट आजतागायत माझ्या दारावर आहे असे समजावे. मुले येतात, आणि मी प्रथम त्यांना कागद खाली ठेवावयास सांगतो. जे सांगावयाचे ते घरी जसे बोलता तसे, मराठीत बोला. मराठी मोडकी असली तरी चालेल, मध्ये कन्नड आले तरी चालेल. मी विचारतो: तेव्हा खोलीत आणखी कोण होते? तू काय बोललास? मग त्यांनी काय केले? हे तू आईला सांगितलेस का? नसेल तर का नाही? बहुधा तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला मूल थांबते, खिडकीबाहेर पाहते, आणि मग जे बोलते ते आजवर कोणत्याही गाइडमध्ये छापलेले नसते. तेवढे तेथेच लिहून घ्यावयाचे, त्याच्याच हाताने. इंग्रजी नंतर. इंग्रजीत नेताना शब्दकोश कमी आणि कान जास्त वापरावा. मोठ्याने वाचून पाहावे, आणि ज्या वाक्याला स्वतःची जीभ अडखळते ते काढावे. व्याकरणाची चूक दाखवावी, वाक्य बदलून देऊ नये. एवढीच माझी विद्या.

यातही खळगे आहेत. पालकांना हा प्रकार पटत नाही. ‘एवढी फी भरून मुलाने आजीच्या पोटदुखीवर लिहावे?’ असे एका सद्‌गृहस्थांनी मला विचारले. त्यांना मुलाने रोबोटवर लिहावे असे वाटत होते, आणि मुलाला रोबोट आवडतही होता. तेव्हा मी म्हटले, रोबोटवरच लिहू द्या, पण तो पहिल्यांदा का पडला ते लिहू द्या. दुसरा खळगा अलीकडचा. २०२२ च्या अखेरीपासून संगणकच निबंध लिहून देऊ लागला. एका मुलाने तसा एक मला दाखविला, आणि क्षणभर माझाच जुना निबंध कोणी चोरला की काय असे वाटले: तेच थोर वचन, तेच ऐक्य, तीच मानवतेची सेवा. व्याकरण माझ्याहून चांगले. मी त्या मुलावर रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार मी दोन रात्रींत गमावला आहे. त्याला फक्त विचारले, तुझी आजी कोणत्या गावची? तो म्हणाला, निपाणीजवळची, आणि मग तंबाखूच्या वखारीतल्या वासाविषयी अर्धा तास बोलत राहिला.

त्या मुलीचे पुढे काय झाले हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. दुसऱ्या अर्जास होकार आला. तिचे नाव-गाव मी मुद्दाम देत नाही. ती आता तिकडे रुग्णालयांतील दुभाष्यांच्या कामाविषयीच शिकत आहे. मागल्या दिवाळीत ती आली होती. आजी आता नाही. फराळ झाल्यावर तिने आपल्या बॅगेतून पहिल्या वर्षीचे ते दीड पान काढून मला दिले, मूळ हस्ताक्षरातले, माझ्या लाल खुणांसकट. भाताच्या प्रसंगावर मी आडवी रेघ मारली होती. तिने त्या रेघेच्या वर, बारीक अक्षरात, ‘कालवणे’ या शब्दासाठी नंतर सापडलेला कन्नड शब्द लिहून ठेवला आहे.